स्लाइडआउटच्या खालच्या प्लायवर डांबर मारू का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की जुना कॅम्पर घेतला, त्याच्या बाहेर सरकणाऱ्या खोलीचं बूड मागच्या चाकाकडच्या कोपऱ्यात काळं पडून मऊ झालंय, आणि गॅरेजवाला म्हणतोय खालून डांबर मारून टाकू. आत्ता मारू देऊ नका. ओल्या प्लायवर डांबर मारणं म्हणजे ओली ज्वारी पोत्यात भरून तोंड शिवणं.

मी वाळूजला गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. अशा गाड्या आमच्याकडं फार येत नाहीत. फिरते दवाखाने, प्रदर्शनाच्या गाड्या, एखादा हौशी कॅम्पर. सरकत्या खोलीला आम्ही आपलं 'खोकं' म्हणतो. तुमचा गॅरेजवाला करायला निघालाय तीच चूक मी पत्र्यानं केलेली आहे. एका दवाखान्याच्या खोक्याला खालून अख्खा जीआय पत्रा ठोकला, चारही कडांना सिलिकॉन भरलं. गिऱ्हाईक खूश. पुढच्या पोळ्याच्या सुमारास गाडी परत आली. पत्र्याचे स्क्रू काढले तसं माझ्या बाहीत पाणी शिरलं, आणि प्लायचे पदर खारीसारखे हातात सुटून आले. सगळा बंदोबस्त खालच्या पाण्याचा केला होता, आणि पाणी आलं होतं वरून.

खोक्याच्या बाहेरच्या भिंतीवरून ओघळ खाली येतो. कडेला आला की तो गळून पडेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तो कडेला चिकटून आत वळतो आणि बुडाखालून सरपटत जातो. पटत नसेल तर खोकं बाहेर काढा, कुणाला तरी भिंतीवर तांब्याभर पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही खाली गोणपाट टाकून उताणे पडून बघा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला गवंडी कडेशी खाच ठेवतो ती याचसाठी. पाणी खाचेपाशी अडतं आणि गळतं.

खोक्यालाही तेच करायचं. बाहेरच्या खालच्या कडेला अॅल्युमिनियमचा अँगल असा बसवा की त्याची एक बाजू बुडाच्या खाली अर्धा इंच लोंबेल. वरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, खालची कड मोकळी. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. खोकं आत घेताना फटीवरचं सीलचं रबर जिथं दाबलं जातं, तिथं मात्र अँगल येऊ देऊ नका.

हे करण्याआधी लाकूड वाळवा. इथं आपलं ऊन कामाला येतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं असतो, तेव्हा खोकं बाहेर काढून आठ-दहा दिवस गाडी उभी करा. वाळलं का हे बघायला बुडाला वीतभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांबा. मग बोटाच्या पेरानं ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथवर ठीक, भद्द वाजलं की तेवढा तुकडा कापून काढा. नवा प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणाला तरी शिक्का वाचा, आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायचा शिक्का पाहिजे. त्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय इथं चालत नाही.

प्लाय पाणी पितो तो मुख्यतः कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. म्हणून पातळ इपॉक्सी आधी कडांना, पिईल तितकी पाजा. भोकं मोठी करून इपॉक्सीनं भरा, मग त्यातच नवीन भोक पाडा. वरून पीयू पेंट. डांबर वाळल्या लाकडावरही मी मारत नाही, आपल्या उन्हात ते नरम पडतं आणि खोकं ज्यावरून सरकतं त्या रोलरला चिकटतं.

रोलरकडं तर कुणी बघतच नाही. शेतात गाडी लावली की काळी माती रोलरला बसते, त्यात मुरमाचा एखादा खडा अडकला की खोकं आत-बाहेर करताना तो बुडावर सरळ रेघ ओढत जातो. तुमच्या बुडावर अशा लांब रेघा असतील तर रंग तिथूनच उघडा पडलाय. पावसाळ्यात खोकं आत घेण्याआधी ब्रश मारा, आणि खोक्याच्या टपावरचं पाणी वायपरनं ओढून टाका. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन स्प्रे लावा.

आणि नेमका चाकाजवळचाच कोपरा का गेला? तिथं मडफ्लॅप शाबूत आहे का ते आधी बघा. नसेल तर टायरनं उडवलेलं पाणी थेट त्याच कोपऱ्यावर बसत असणार. रोलर आणि तो कोपरा एकत्र दिसेल असा एक फोटो टाका, किती प्लाय कापावा लागेल ते त्यावरून सांगतो.