प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, मग देव जवळ आहे हे कळणार कसं?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थनेत इतरांना देवाचा स्पर्श जाणवतो, त्यांचे डोळे भरून येतात, तुम्हाला मात्र काहीच होत नाही. देव इंद्रियांना खरंच कळतो का, की हा सगळा मनाचा खेळ, असा तुमचा प्रश्न. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे माझं उत्तर त्या श्रद्धेतूनच येणार. कळतो, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त आपण त्याची वाट भलत्याच ठिकाणी बघत बसतो.

बायबलमध्ये इंद्रियांना कमी लेखलेलं नाही. येशूचा शिष्य योहान याच्या पहिल्या पत्राची सुरुवातच अशी आहे की जे आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, तेच तुम्हाला सांगतोय. बेथानी गावात मरीयेने (ही येशूची आई नव्हे) येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावलं आणि सगळं घर त्या वासाने भरून गेलं, हेही योहान आवर्जून नोंदवतो. ते तेल तीनशे दीनारांचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. तो सुवास घरातल्या प्रत्येकाला आला असणार, तरी यहूदा या शिष्याला दिसला तो फक्त वाया गेलेला पैसा. पुढे पुनरुत्थानानंतर येशू थोमा या शिष्याला वधस्तंभावरच्या जखमा दाखवतो, हात लावून बघ म्हणतो. मी इथे दरवेळी थबकतो. मरणावर मात केलेल्या देहावरही त्या जखमा तशाच आहेत, आणि शिष्याला ओळख पटते ती त्यांच्यावरूनच.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फादर डेमियन यांच्या आयुष्याने. बेल्जियमचे हे धर्मगुरू १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. सरकार रोग्यांना तिथे आणून सोडायचं आणि परतीची वाट जवळपास बंदच असायची. चिघळलेल्या जखमांचा दर्प इतका, की तो सहन व्हावा म्हणून डेमियन पाइप ओढू लागले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. संत झालेल्या माणसालाही वास येत होता, किळस वाटत होती, आणि तरी ते जखमा धुवून पट्ट्या बांधत राहिले, शवपेट्या बनवत राहिले, कबरी खणत राहिले. मग १८८४च्या सुमारास एकदा त्यांनी पाय उकळत्या पाण्यात घातला. कातडी भाजली, पण चटका जाणवलाच नाही. आपल्यालाही तोच रोग झालाय, हे तेव्हा उघड झालं. १८८९मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं, त्यांना देवाचा स्पर्श कसा असतो हे त्यांच्या हातांवरून कळलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

माझा अनुभव याच्यापुढे अगदी लहान आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची पाठ मी पुसायचो. पडून पडून कमरेला जखम झाली होती. वासाने मळमळायचं, प्रार्थना तर सुचायचीच नाही. पण कोमट पाण्यात पिळलेला कपडा पाठीवरून फिरला की त्यांचा आखडलेला श्वास सैल व्हायचा. तो ऐकताना खोलीत आम्ही दोघंच नाही, एवढं स्वच्छ कळायचं. रडू नाही, रोमांच नाहीत. ती खात्री मला आजवर कुठल्याही उपासनेत तितकी आलेली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, कारण त्यागाच्या नावाखाली लोकांना, विशेषतः बायकांना, काय काय सोसायला लावतात ते मी बघितलंय. येशू स्वतः म्हणतो की माझा प्राण माझ्याकडून कुणी हिरावून घेत नाही, मी तो आपणहून देतो. धाकाने, मारहाणीने, अपराधी वाटायला लावून जे उकळलं जातं, त्याला मी त्याग म्हणणार नाही. तशा परिस्थितीत तुम्ही असाल, तर आधी तिथून बाहेर पडा.

आणि प्रार्थनेतल्या कोरडेपणाला घाबरू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. तरी त्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसत राहिल्या. योहान आपल्या त्याच पहिल्या पत्रात लिहितो, देवाला कुणीही कधी पाहिलेलं नाही, पण आपण एकमेकांवर प्रीती केली तर तो आपल्यात राहतो.

म्हणून प्रार्थना चालू ठेवा, काही जाणवो न जाणवो. सोबत एक करून बघा. ज्याच्याजवळ बसायचं तुम्ही टाळताय असं कुणी आजारी, चिडखोर किंवा म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडे जा. फोन बाजूला ठेवा, त्याचा हात हातात घ्या, तेच ते बोलणं पुन्हा ऐकून घ्या. घाईने उठू नका.