चिनी नववर्षासाठी लहान मुलांकडून कागदाचं काय करून घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, शाळेत ‘जगातले सण’ असा उपक्रम आहे आणि त्याच्या वाट्याला चीन आलाय. नेटवर पाहावं तिथे तोच चिरा मारलेला लाल कंदील दिसतो, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हातानं जमेल असं आणखी काही आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

आहे, आणि भरपूर आहे. आम्ही सहा वर्षं सिंगापूरला होतो. तिथे चिनी नववर्षाची दोन दिवस सार्वजनिक सुट्टी असते आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे बालवाडीपासून सगळीकडे लाल कागदाचे कपटे उडत असतात. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. पहिल्याच वर्षी तिनं हौसेनं पांढऱ्या कागदाचा कंदील केला, त्यावर निळी फुलं काढली आणि दाराबाहेरच्या कठड्याला टांगला. शेजारच्या चिनी आजी (मुलं त्यांना ‘आह मा’ म्हणायची) बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी लाल कागदाचा गठ्ठा घेऊन घरी आल्या आणि मुलीला मांडीवर बसवून त्यांनी नवा कंदील करून घेतला. पांढरा कंदील ज्या घरात माणूस गेलंय त्या घराबाहेर लावतात, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणून पहिली गोष्ट रंगाची: लाल घ्या, जोडीला सोनेरी किंवा पिवळा. पांढरा आणि काळा नको. पूर्वजांसाठी जाळतात ती कागदी घरं आणि कागदी नोटाही नेटवर दिसतील. ती परंपरा वेगळी आहे, तिला या उपक्रमात आणू नका.

माझं मत विचाराल तर कंदिलापेक्षा कातरकामच करा. या सणाचं खरं कागदकाम तेच. चिनी भाषेत त्याला ‘ज्येनचि’ म्हणतात, आणि खिडकीवर चिकटवायच्या नक्षीला ‘छ्वांगह्वा’, म्हणजे शब्दशः खिडकीतलं फूल. उत्तर चीनमधल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काच नसायची. लाकडी जाळीवर कागद चिकटवलेला असायचा. वर्षभरात तो धुरानं पिवळा पडायचा, नववर्षाआधी तो काढून नवा कोरा कागद लावायचा आणि त्यावर बायकांनी घरी कातरलेली लाल फुलं, पक्षी, मासे चिकटवायचे. आपल्याकडे सणाआधी भिंती सारवून त्यावर चित्रं काढायचे, तसंच हे. शान्शी प्रांतातला आनसाय हा परिसर या कलेसाठी नावाजलेला आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोनं चिनी कातरकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कागद कोणता? कार्डशीट अजिबात नको, चार पदर झाले की मुलाची कात्री चालतच नाही. पतंगाचा कागद सुंदर दिसतो पण फाटतो. घोटीव कागद उत्तम. तो एका बाजूनं पांढरा असतो, पण लाल बाजू समोर ठेवली की भागतं. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन घ्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोणी घडी घाला, मग आणखी एकदा. चार पदर झाले. आठ पदरांचा मोह टाळा. घडी कडेला एकदा स्टेपल करा, म्हणजे पदर सरकत नाहीत. ही युक्ती आजींची. त्यांचे आणखी दोन नियम होते: कात्री एका जागी धरायची आणि कागद फिरवायचा; आणि आधी आतली बारीक छिद्रं, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर हातात धरायला काही उरत नाही. माझ्या मुलीला हे तिसऱ्या फाटक्या फुलानंतर पटलं.

आता काय कापायचं? चिनी कातरकामात दोन खुणा पुन्हा पुन्हा येतात आणि दोन्ही मुलांना जमतात. एक करवतीचे दात: कडेनं बारीक त्रिकोण कापत जायचे, त्यातून पाकळ्यांच्या रेषा, प्राण्यांची लव, गवत असं सगळं होतं. दुसरी चंद्रकोर: कागदाला हलकीशी चिमटीची घडी द्यायची आणि घडीपासून टोकापर्यंत अर्धी कोर कापायची, उघडली की पूर्ण. डोळा, पीस, पानाची शीर, सगळं याच कोरीनं होतं. मुलाला एक जुना कागद देऊन अर्धा तास फक्त दात आणि कोरी कापू द्या. मग फूल त्याचं त्यालाच सुचतं. छापलेला साचा देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. साच्यावरून कापताना मुलं रेषेला घाबरतात. घडी उलगडताना आत काय निघणार हे माहीत नसणं हीच तर यातली सगळी गंमत आहे.

फूल जमलं की मासा करा. चिनी भाषेत मासा ‘यू’, आणि शिल्लक राहणं, पुरून उरणं यालाही ‘यू’च म्हणतात. म्हणून नववर्षाला मासा हवाच, ताटातही आणि भिंतीवरही. लाल कागद मधोमध दुमडा, घडीवर माशाची अर्धी पाठ आणि अर्धी शेपटी काढून कापा. मग घडीवरच छोटे तिरके वळणदार छेद द्या. कागद उलगडून एकेक छेद बोटानं वर उचलला की खवले उभे राहतात. सात वर्षांच्या मुलाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

असाच शब्दखेळ ‘फू’ या अक्षराचा आहे. ‘फू’ म्हणजे सुखसमृद्धी. लाल चौकोन टोकावर उभा धरून त्यावर ते सोनेरी रंगानं लिहितात आणि पुष्कळ जण उलटं चिकटवतात, कारण चिनीत ‘उलटलं’ आणि ‘आलं’ या दोन्हींचा उच्चार एकच: ‘दाओ’. ‘फू उलटं झालं’ म्हटलं की ‘सुख आलं’ असंच ऐकू येतं. पण आजी मुख्य दारावर मात्र सुलटंच लावायच्या, उलटं आत, तांदळाच्या डब्यावर. घरोघरी रीत वेगळी. अक्षर अवघड वाटत असेल तर ‘छुन’, म्हणजे वसंत, हे घ्या. ते जवळजवळ डावं-उजवं सारखं आहे, म्हणून दुमडलेल्या कागदावर अर्धंच काढून कापता येतं: वर तीन आडव्या पट्ट्या, तिथून बाहेर झुकणारा पाय, आणि खाली मधे एक रेघ असलेली चौकट.

कंदील करायचाच असेल तर आत पिवळ्या कागदाची नळी घाला, म्हणजे चिरांमधून उजेड असल्यासारखा भासतो, आणि खाली दोऱ्याचा गोंडा लावा. बाकी दिवाळीत त्यानं केला असेल तसाच. नववर्षानंतर पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांचा वेगळा सणच असतो. आपल्यासारखाच तिथेही महिना चंद्रावर चालतो, हे मुलाला आवर्जून सांगा. आमच्या घरी २०२५ मध्ये याचा फार आनंद झाला होता: ६ ऑक्टोबरच्या रात्री चिनी शरद पौर्णिमेचा सण आणि आपली कोजागरी एकत्रच आली. मसाला दूध आणि कागदी सशाचा कंदील एकाच गच्चीत!

आहेराची जुनी लाल पाकिटं घरात असतील तर तीही वापरा. तिथे मोठी माणसं मुलांना अशाच लाल पाकिटात पैसे देतात. फरक एवढाच की आपण वर एक रुपया घालून आकडा विषम करतो, आणि ते सम आकडा शुभ मानतात, फक्त चार टाळतात, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाच्या जवळ जातो. त्यामुळे मांडणीत चार मासे नकोत, दोन किंवा सहा ठेवा.

१७ फेब्रुवारी २०२६ पासून घोड्याचं वर्ष आहे, म्हणून एक घोडाही जरूर कापून घ्या. वायव्य चीनमध्ये, शिनच्यांगमधल्या तुर्फान शहराजवळ १९५९ मध्ये सहाव्या शतकातली कागदी कातरकामं सापडली. त्यांतल्या एका गोल नक्षीत घोड्यांच्या जोड्या आहेत, दुमडून कापलेल्या. म्हणजे तुमचा मुलगा कागद दुमडून जे करणार आहे, तेच दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केलं होतं. शाळेत बोलायला त्याला हे एक वाक्य द्या.

चिकटवताना फेव्हिकॉल नको, कागद सुरकुततो. कणकेची पातळ खळ करा, काडीनं चार ठिकाणी ठिपके द्या आणि वर्गातल्या खिडकीच्या काचेवर आतून लावा. नेताना प्रत्येक नक्षी जुन्या वहीच्या दोन पानांत ठेवा, दप्तरात सुटी टाकू नका.