भांड्यांपेक्षा घासणीकडे बघ
नवीन खोली घेतलीस, आता भांडी तुझ्याच गळ्यात! साबण कुठला, यावर डोकं खपवू नकोस. खरी घाण घासणीत असते. २०१७ साली जर्मनीत वापरलेले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही जागी घन सेंटीमीटरला ५,४०० कोटी जिवाणू सापडले. बहुतेक निरुपद्रवी, तरी ओला स्पंज सिंकमध्ये लोळत ठेवू नकोस. पिळून उभा वाळव, वास आला की फेक. मी तर काथ्यावर परतले, लवकर वाळतो. खरकटं आधी काढ, चिकन कापायची फळी शेवटी घास. धुतलेली भांडी जाळीत पालथी घाल. आणि ते कळकट फडकं? त्याने पुसण्यापेक्षा निथळू दिलेली बरी.