नागपूरच्या काळ्या मातीत गाडीच्या वाटेवरचे पेव्हर ब्लॉक खचू नयेत म्हणून काय करावं?

आधी काळी माती निदान दीड फूट खोदून बाहेर काढा आणि तिथे मुरूम भरून नीट दाबून घ्या; ब्लॉक महागाचे की स्वस्त हा प्रश्न त्यानंतरचा. मी ही कामं करतो, आणि उखडलेली वाट खोलून पाहिली की बहुतेक वेळा ब्लॉक शाबूत असतात, बसलेली असते ती खालची भर. ही माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम एकदम ओतू नका. चार-चार इंचांचा थर, थोडं पाणी, मग रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. त्याच्या वर:

- चार ते सहा इंच गिट्टी-चुरी, तीही दाबून
- एक ते दीड इंच रेती, फक्त सपाट केलेली (खड्डा भरायला जास्त रेती टाकली की नेमकं तिथेच चाक रुततं)
- ब्लॉक ६० मिमीचे चालतात, पण माझं मत ८० मिमीचे घ्या. आयताकृती असतील तर एक आडवा, एक उभा असे काटकोनात एकमेकांत अडकवून बसवा

दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्बस्टोन हवाच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. उतार घराकडून रस्त्याकडे, दर मीटरला २ सेंमी. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक रेती भरा. पहिल्या पावसानंतर पुन्हा. मात्र काळ्या मातीचा थर तीन-चार फुटांहून खोल असेल तर नुसता मुरूम पुरत नाही, आधी इंजिनिअरला दाखवा.