वहिनीची साडी परत ठेव, स्वतःची घे

(पत्र थोडक्यात: मी 31 वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी करतो, वारज्यात एकटाच भाड्यानं राहतो. शाळेत असल्यापासून बायकांचे कपडे घालावेसे वाटतात. दादा-वहिनी बिबवेवाडीला राहतात. ते गावी गेले की घराची किल्ली माझ्याकडे असते. तेव्हा वहिनीची साडी नेसतो आणि परत तशीच घडी घालून ठेवतो. दोनदा स्वतःसाठी कपडे घेतले, दोन्ही वेळा लाज वाटून टाकून दिले. हा आजार आहे का? बालगंधर्वांना लोकांनी डोक्यावर घेतलं, मग मलाच एवढं अपराधी का वाटतं? सुरुवात कुठून करू, काय घेऊ? घरचे स्थळं बघतायत. लग्न झालं की हे जाईल का? धाकटा भाऊ समजून सांगा, ताई.)

प्रिय भावा,

धाकटा भाऊ म्हणालास, म्हणून अरेतुरे करते.

आधी आजाराचं. नाही, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत पूर्वी अशा वेशांतराच्या नोंदी होत्या. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या आहेत. पुरुषानं साडी नेसणं हा आपल्याकडे गुन्हाही नाही. हे सोडवून देतो, बरं करतो, असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या नादी लागू नकोस. असं वाटणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जण स्वतःला पुरुषच मानतात, बायकोसंसारात रमतात. काहींना मात्र पुढे उमगतं की आपण मुळातच बाई आहोत. तू यांतला कोण, हे मी पत्रावरून सांगणार नाही आणि तुलाही आज ठरवायची गरज नाही.

बालगंधर्वांच्या साडीची, केसांची, दागिन्यांची नक्कल त्या काळच्या घरंदाज बायका करत, हे खरं. पण ती त्यांची कला होती आणि पोटापाण्याचा व्यवसायही. तुला साडी नेसून रंगमंचावर जायचं नाहीये, घरात सुखानं बसायचंय. त्यासाठी थोरामोठ्यांचा दाखला कशाला हवा?

तुझ्या पत्रात मला खरी खुपली ती वहिनीची साडी. तुझ्या आवडीत काही वाईट नाही. पण दुसऱ्याचं कपाट त्याच्या नकळत उघडणं वाईटच. तिला कळलं, तर दुखेल ते हेच. आणि माझा अंदाज असा की तुझ्या अपराधीपणातला मोठा वाटा त्या किल्लीचा आहे. दार वाजेल का, घडी तशीच बसली का, अशा धाकात नेसलेल्या साडीचं सुख मिळणार कसं? वहिनीचं कपाट आजपासून बंद.

कपडे टाकून देणंही थांबव. या वाटेवरचे बहुतेक जण हे करतात. हौसेनं घ्यायचं, शरमेच्या झटक्यात फेकायचं, शपथ घ्यायची आणि काही महिन्यांनी पुन्हा दुकानात. फेकल्यानं ओढ गेली असती, तर तू दुसऱ्यांदा घेतलेच नसतेस. आता झटका आला की सगळं बॅगेत भर, कुलूप लाव आणि महिनाभर बॅगेला हात लावू नकोस. महिन्यानंतरही टाकावंसं वाटलं, तर धुऊन कुणाला तरी दे.

आता खरेदी. आधी शिंप्याची टेप घे आणि छाती, कंबर, नितंब, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतचं अंतर, दंडाचा घेर, सगळं इंचात लिहून ठेव. बायकांचे कपडे पुरुषाला अडतात ते खांद्यात आणि काखेत. छातीला बसलेली कुर्ती हात वर केला की उसवते. त्यामुळे लेबलावरच्या एक्सएल-डबल एक्सएलवर विसंबू नकोस, ते कंपनीगणिक बदलतं. कुर्तीचा छातीचा घेर तुझ्या छातीपेक्षा दोन-तीन इंच जास्त हवा आणि खांद्याची शिवण खांद्यावरच यायला हवी. गळा व्ही आकाराचा घे, रुंद बोटनेक नको, त्यानं खांदे आणखी रुंद दिसतात. फुग्याच्या बाह्याही नकोत. पाऊण बाही सगळ्यांत बरी. वरचा भाग गडद आणि साधा असावा, कमरेखाली घेर असावा. अनारकली किंवा ए-लाइन कुर्ती, खाली पलाझो. पुरुषाच्या अंगाला कमरेखालचा घेर कमी असतो, तो कापडानं मिळतो. पहिल्या खेपेला दोन कुर्त्या, एक पलाझो, एक ओढणी. बास. दोन-अडीच हजारांच्या वर जाऊ नकोस. आवड अजून आकार घेतेय, सहा महिन्यांनी तुला वेगळंच काही आवडेल.

आतल्या कपड्यांत काटकसर करू नकोस, वरचं सगळं त्यावर बसतं. ब्रेसियरसाठी छातीच्या खालचा घेर मोज आणि त्यावरून पट्ट्याचा आकडा त्या कंपनीच्या तक्त्यात बघ. आत भरायला आधी स्पंजचे पॅड पुरेत, महागडं सिलिकॉन नंतर.

साडीची घाई करू नकोस, पण नेसायची तर नीट. साडी साधारण साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा. तू उंच असशील, तर पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, विचारून घे, नाहीतर साडी घोट्याच्या वर राहते. जॉर्जेट हातातून निसटतं. निऱ्या शिकायला मऊ सुती साडी बरी. परकर सुती घे आणि नाडी घट्ट बांध, सगळी साडी त्या नाडीवर असते. ब्लाउजसाठी आधी ताणलं जाणारं तयार ब्लाउज घे. ते अंगाला बसलं की पुढे तेच मापाचं ब्लाउज म्हणून शिवायला देता येतं. टेलरकडे बायका असंच देतात, कुणी चौकशी करत नाही.

दुकानात काय सांगायचं, याची तुला धास्ती असेल. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात जा आणि गादीवरच्या विक्रेत्यांकडे बघ. चांगले मिशीवाले पुरुष दिवसभर पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून, निऱ्या कमरेशी धरून साड्या दाखवत असतात. त्यांना म्हण, जरा नेसून दाखवा, पदर कसा दिसतो बघू. तुला फुकट धडा मिळेल. घरात कुणासाठी घेतोय, हे सांगायची गरज नाही. विचारलंच तर एवढंच म्हण, माप माझ्याएवढंच आहे.

तुळशीबागेत रविवारी जाऊ नकोस, गर्दीत काही सुचणार नाही. कामाच्या दिवशी सकाळी जा. बांगड्यांचे नंबर दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा असे असतात. म्हणजे दोन इंच आणि वर तितके सोळांश, आतला व्यास. पुरुषाच्या पंज्याला बहुधा दोन-दहा लागतो. काचेच्या बांगड्या जोर लावून चढवू नकोस, फुटून हात कापतो. उघडं कडं सोपं. कान टोचलेले नसतील, तर दाबाची कानातली मिळतात, नथही चापाची मिळते. डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत असलं बरंच स्वस्तात मिळतं आणि तिथं कॉलेजची मुलंही घुटमळत असतात, तू उठून दिसणार नाहीस. बायकांच्या चपला बहुतेक दुकानांत सात-आठ नंबरापर्यंतच असतात. तुझा पाय मोठा असेल, तर सपाट कोल्हापुरी घे. टाच इतक्यात नको.

चेहऱ्याचं थोडक्यात. दाढी गरम पाण्यानं मऊ करून गुळगुळीत कर. हनुवटीवरची निळसर झाक नुसत्या फाउंडेशननं जात नाही, आधी तिथं नारिंगी करेक्टरचा पातळ हात दे. नवीन क्रीम आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ.

फोटो काढशील, सगळेच काढतात. पण फोनचे फोटो आपोआप कुठं साठतात, ते आधी तपास. अनोळखी माणसाला चेहऱ्यासकट फोटो पाठवू नकोस. कुणी धमकावून पैसे मागितले, तर देऊ नकोस, ती खंडणी आहे. गुन्हा त्याचा, तुझा नाही. मेसेज जपून ठेव आणि 1930 वर तक्रार कर.

राहिलं लग्न. नाही भावा, लग्नानं हे जात नाही. नव्या नवलाईत वर्षभर दबतं आणि मग बायकोच्या कपाटाची किल्ली हातात येते. म्हणून मी या एका बाबतीत कडक आहे. साखरपुड्याच्या आधी मुलीला सांगायचं. कांदेपोह्यांच्या पहिल्या भेटीत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दोघांचाही होकार जवळ आलाय असं वाटेल तेव्हा, निवांत ठिकाणी, साध्या शब्दांत. ‘मला कधीकधी घरात बायकांचे कपडे घालायला आवडतात, लहानपणापासून. ही माझी सवय आहे, ती जाईल असं वाटत नाही. तुला काय वाटतं, ते आठवडाभरानं सांग.’ फोटो दाखवू नकोस, लगेच उत्तर मागू नकोस. ती नाही म्हणाली, तर तो तिचा हक्क. ती चार लोकांत बोलेल, हा धोका आहेच, मी तो लपवत नाही. तरी लग्नानंतर तिला ट्रंकेत परकर सापडण्यापेक्षा तो पत्करावा. एवढं सांगायचं धाडस आज होत नसेल, तर आईला सांग की अजून वर्षभर स्थळं नकोत. कारण द्यायची गरज नाही. 31 हे काही वय गेलेलं नाही.

मन फार खाली गेलं, तर 14416 ही टेलीमानसची सरकारी मदतवाहिनी आहे, तिथं मराठीत बोलता येतं. टेप घेऊन मापं काढलीस, की मला पुन्हा लिही. ब्लाउजचा गळा आणि बाही काय सांगायची, ते तुझे आकडे बघून कळवीन.

तुझी,
ताई