आजोबांविषयी लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांना आणि गाववाल्यांना वाटण्यासाठी तू लिहिलेले टिपण मी दोनदा वाचले. त्यातले ‘हसतमुख, मनमिळाऊ, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल’ हे चारही शब्द खरे आहेत, त्यांतला एकही खोडावा असे मला वाटत नाही; मात्र लालबागपासून डिलाईल रोडपर्यंतच्या कुठल्याही चाळीतल्या, कुठल्याही भिंतीवरच्या तसबिरीखाली ते तसेच्या तसे लिहिता येतील, आणि तुझे आजोबा त्या शब्दांत कुठेच सापडत नाहीत. तू माझे मत विचारलेस म्हणून हे लांबलचक पत्र लिहितो आहे.

मी त्यांना रात्रशाळेत शिकवले तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि मीही त्यांच्याहून फार मोठा नव्हतो. संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावाहून मुंबईच्या कापडगिरणीत कामाला येऊन ते गाववाल्यांच्या गाळ्यात राहत होते. त्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या ट्रंका भिंतीकडेला रचलेल्या असत, एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तिथे वळकट्या पसरत, आणि जेवण खानावळीत होई. सुरुवातीला ते बदली कामगार होते, म्हणजे पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच त्या दिवसाचे काम मिळायचे. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटे. त्या पाळीला असले की ते संध्याकाळी न चुकता वर्गात येत.

एकदा मी वर्गाला ‘माझी दिनचर्या’ हा निबंध दिला. तुझ्या आजोबांनी चार पाने लिहिली आणि ती चारही पाने गावच्या शिमग्यावर होती: पालखी कोणत्या घरी आधी जाते, ती नाचवताना खांदा कसा द्यायचा, नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंगावर पहिली थाप कोणाची. मी लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला. ते वही घेऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘‘सर, पाळीचं काय लिहायचं? ते रोजचंच असतं.’’ त्या शेऱ्याची मला आजही खंत वाटते. गिरणीतल्या आठ तासांपेक्षा त्यांना शिमगा सांगावासा वाटला, यातच त्यांचा सगळा स्वभाव होता आणि तो मला दिसला नाही. पण जे त्यांनी लिहिले नाही ते आता तुला लिहावे लागेल, कारण पाळी बाजूला ठेवून नुसता शिमगा लिहिलास तर वाचणाऱ्याला वाटेल की हा मनुष्य जन्मभर सुट्टीवर होता.

तुझ्या टिपणात एक वाक्य आहे: ‘आजोबांचा आवाज इतका दिलखुलास होता की ते आल्याचे तळमजल्यावरच कळे.’ हे वाक्य काढू नकोस, पण त्याच्या मुळाशी जा. ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणणारे साचे (माग) चालतात त्या खात्यात होते. शेकडो साचे एका छपराखाली चालू असले की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिथली माणसे ओठांवरून शब्द ओळखत आणि हातांच्या खुणांनी बोलत. उमेदीची सगळी वर्षे त्या खडखडाटात काढल्यावर ऐकू येणे हळूहळू कमी होते आणि माणूस आपसूक मोठ्याने बोलू लागतो. जो आवाज तुम्हा नातवंडांना आनंदाचा वाटला त्यातला काही भाग साच्यांनी दिलेला होता. तुझ्या काकांना विचार, लहानपणी आजोबा त्यांना खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आवाज न करता गोष्ट कशी सांगत. त्या खुणा गिरणीतल्याच होत्या, आणि त्यांवर पोरे पोट धरून हसत. हे तू लिहिलेस तर त्यांची गंमत आणि त्यांचे काम यांसाठी वेगळे परिच्छेद करावे लागणार नाहीत.

साच्यावरच्या हातांच्या चलाखीचा त्यांना अभिमान होता आणि तो तू अवश्य लिही. मात्र त्यासोबत एवढे ठाऊक असू दे की धोट्याच्या, म्हणजे साच्यावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घेण्याची पद्धत असल्यामुळे विटाळाचे कारण पुढे करून पूर्वी दलित कामगारांना जास्त पगाराच्या साचेखात्यात येऊ देत नसत, आणि १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो अन्याय उघडपणे मांडला होता. आजोबांच्या काळाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, तरी ज्या खात्याचा आपण अभिमान बाळगतो त्याचे दार कोणासाठी बंद होते हे माहीत असलेला माणूस वेगळ्या जबाबदारीने लिहितो.

एक प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे, तो तुला देतो. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याआधी गणपतीला गावी जायचे तर एसटीच्या आरक्षणासाठी रात्रभर रांग लागे. अशाच एका वर्षी त्यांची दुसरी पाळी होती. मध्यरात्री बाराला पाळी सुटल्यावर ते घरी न जाता थेट रांगेत आले, केसांत आणि भुवयांवर कापसाची पूड तशीच, आणि काखेत गाळ्यातून मागवून घेतलेली ढोलकी. अर्ध्या तासात त्या कंटाळलेल्या, पेंगुळलेल्या रांगेत भजन सुरू झाले. पहाटे खिडकी उघडली तेव्हा त्यांच्या हातात आठ जणांचे पैसे होते आणि त्यांतली चार तिकिटे गाळ्यातल्या म्हाताऱ्या माणसांची होती. तिकिटे काढून ते त्याच दुपारी साडेतीनला पुन्हा साच्यावर उभे राहिले. ‘कष्टाळू’ आणि ‘मनमिळाऊ’ हे शब्द मला त्या रात्रीपुढे फिके वाटतात.

आता गिरण्यांच्या संपाविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही. तुझ्या टिपणात ‘काही काळ घरची परिस्थिती बिकट होती’ एवढ्या एका वाक्यात ती वर्षे संपतात. दुःख चारचौघांत मांडू नये असे तुझ्या आईला वाटते, हे मी समजू शकतो. तरीही सांगतो की त्या वर्षांना हात घाल. आजोबा पहाटे भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून चाळीच्या तोंडाशी विकत, आणि पहिले कितीतरी दिवस ओळखीचे गिऱ्हाईक आले की त्यांची मान वर होत नसे. नेहमी सगळ्यांना हसवणारा माणूस त्या दिवसांत घरात गप्प बसे, हे तुझ्या आजीने मला सांगितले आहे. ते गप्प बसणे लिहिले नाहीस तर नंतरचे हसणे स्वस्त वाटेल, आणि ते स्वस्त नव्हते. त्या वर्षी गणपतीला गावी जाणे जमले नाही, तेव्हा त्यांनी चाळीतल्या सगळ्या घरांतली पोरे गॅलरीत जमवून भाजीच्या रिकाम्या टोपल्यांवर नमन बसवले. तुझ्या वडिलांना त्यातली गाणी अजून येतात.

आणि आजीला विसरू नकोस. टिपणात ती फक्त ‘आदर्श सहचारिणी’ म्हणून एकदा येते. रविवारी आजोबांची मित्रमंडळी खोलीत जमत, तेव्हा दहा बाय दहाच्या जागेत स्टोव्हवर चहाची आधणे चढवणारी ती होती. संपाच्या वर्षांत पापड लाटून घरभाडे भरणारीही तीच. आजोबांना मोकळेपणाने हसता आले, त्यात तिचा वाटा मोठा होता आणि हे आजोबांना माहीत होते. मला त्यांनी ते एकदा बोलून दाखवले होते, तिच्यासमोर मात्र कधी बोलले नसावेत.

लिहायला बसण्याआधी तिच्याकडची जुनी ट्रंक उघडायला सांग. त्यात गिरणीचा बिल्ला, फंडाचे कागद आणि घरासाठी केलेला अर्ज असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मनिऑर्डरच्या फॉर्मचे तळचे तुकडे असतील. लग्नानंतरची पहिली काही वर्षे आजी गावी होती आणि पैशांबरोबर निरोपासाठी त्या तुकड्यावर तीन-चार ओळींची जागा असे. तेवढ्या जागेत आजोबांनी काय बसवले ते पाहा, आणि आजीची परवानगी असेल तर त्यातला एखादा निरोप, एकही शब्द न सुधारता, टिपणात जसाच्या तसा उतरवून घे. त्यातले शुद्धलेखन चुकले असेल तर ती चूक माझी आहे, कारण ते मीच शिकवले होते. तीही तशीच राहू दे.

आजी हल्ली दुपारी दोननंतर झोपते, तेव्हा सकाळीच जा. नवीन मसुदा झाला की पाठव, मी वाट पाहतो आहे.

तुझा,
सर