क्युबाचा हौशी हेवीवेट बॉक्सर तेओफिलो स्टीव्हनसन व्यावसायिक झाला असता तर त्याने मुहम्मद अलीला हरवलं असतं का?

हौशी बॉक्सिंगसारखी तीन राउंडची लढत असती तर माझे पैसे स्टीव्हनसनवर. तेव्हाच्या व्यावसायिक जगज्जेतेपदासारखी पंधरा राउंडची असती तर अलीवर, तेही जरा धास्तावूनच.

१९७६ साल धरू. अली ३४ वर्षांचा, आदल्या वर्षी मनिलात जो फ्रेझरविरुद्ध जिंकला, पण त्या लढतीने पुरता पिळून काढलेला. सप्टेंबरमध्ये केन नॉर्टनला त्याने गुणांवर हरवलं खरं, पण तो निकाल आजही अनेकांना पचत नाही. स्टीव्हनसन २४ वर्षांचा आणि ऐन भरात. मॉंट्रियल ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत त्याने अमेरिकेच्या जॉन टेटला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. हाच टेट १९७९ मध्ये डब्ल्यूबीए या व्यावसायिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट विजेता झाला! त्याच ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेटचं सुवर्ण जिंकलेल्या लिऑन स्पिंक्सने १९७८ च्या फेब्रुवारीत थेट अलीलाच हरवलं, तेही अवघ्या सात व्यावसायिक लढतींच्या अनुभवावर. त्यामुळे ‘हौशी बॉक्सर काय टिकणार’ हे म्हणणं मी मोडीतच काढतो.

मग पंधरा राउंडमध्ये अली का? कारण स्टीव्हनसनचा सगळा खेळ डाव्या जॅबने (हलक्या सरळ ठोशाने) अंतर मोजायचं आणि उजव्या ठोशाच्या संधीची वाट पाहायची, असा होता. १९८० ला मॉस्कोत हंगेरीच्या इश्त्वान लेवाईने नुसती पळापळ करून तिन्ही राउंड काढले. ऑलिंपिकमध्ये त्याच्यासमोर पूर्ण लढत टिकलेला तो पहिलाच. लेवाई हरला, पण ठोसा बसू दिला नाही की स्टीव्हनसन अडतो हे दिसलं. अलीचे पाय १९७६ पर्यंत थकले होते, तरी मिठी मारणं, दोरांवर रेलणं, समोरच्याला दमवणं यात त्याचा हात कोण धरणार? १९७४ ला किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला असंच दमवून हरवलं, ते आठवा. शिवाय स्टीव्हनसन अजिंक्य नव्हताच. सोव्हिएत संघाच्या इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवलं होतं.

डॉलरचे मोठमोठे प्रस्ताव त्याने देशप्रेमापोटी नाकारले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. क्युबाने १९६२ मध्येच व्यावसायिक खेळ बंद केले होते. व्यावसायिक व्हायचं म्हणजे घर, माणसं, देश सगळं मागे टाकून निघून जायचं. हा सौदा निव्वळ पैशांचा नव्हता.

१९७२, १९७६, १९८० अशी सलग तीन सुवर्णं, तीही एकाच वजनगटात. त्याच्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. हंगेरीचा बॉक्सर लास्लो पाप याची तीन सुवर्णं दोन वजनगटांतली. पुढे क्युबाच्याच फेलिक्स साव्होनने बरोबरी केली.

खरं सांगू, मला अलीच्या लढतीपेक्षा १९८४ जास्त खटकतं. सोव्हिएत गटासोबत क्युबानेही लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला आणि चौथ्या सुवर्णाची संधी गेली. ते मिळालंच असतं असं नाही; १९८२ च्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या दामियानीकडून तो हरला होता. पण १९८६ मध्ये, चौतिशीत, रीनोला तोच पुन्हा जगज्जेता झाला.